आजींच्या फोटोवर चौदा शेरे: हौशी पोर्ट्रेटवर बोलावं कसं, ऐकावं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा-बारा हौशी फोटोग्राफर महिन्यातून एकदा एकमेकांची पोर्ट्रेट बघायला जमतात. निम्मे ‘मस्त’, ‘कडक’ म्हणून मोकळे होतात. उरलेले इतकं सोलतात की दोघांनी यायचंच बंद केलं. प्रश्नकर्त्याने स्वतःच्या आजींचा एक फोटो उदाहरणाला दिला आहे: उभी फ्रेम, नऊवारी, नथ, हातात जपमाळ, डाव्या कडेला खिडकी. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे थोडा लहान सेन्सर असलेला) कॅमेरा, ५० मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/१.८, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००, आजींपासून अंतर साधारण एक मीटर. आजी खिडकीपासून सात-आठ फूट आत बसल्या आहेत. या एका फोटोवर चौदा शेरे आले, आणि त्यातलं घ्यायचं काय, सोडायचं काय, हे कळेनासं झालं.

चौदा शेरे आले म्हणजे फोटोत चौदा चुका आहेत, असं समजू नका. पोर्ट्रेटमधले दोष बहुतेक वेळा एकाच मुळापासून फुटतात. फोटोग्राफरने केलेला कुठला निर्णय त्या परिणामाला कारण झाला, इथपर्यंत जो शेरा पोचत नाही, तो फार तर आवडनिवड सांगतो. पोर्ट्रेटमध्ये असे निर्णय मोजकेच असतात: माणसाला कुठे बसवलं, आपण कुठे उभे राहिलो, प्रकाश कुठून घेतला, बटण केव्हा दाबलं आणि नंतर संगणकावर काय केलं.

आता आजींच्या फोटोवर हे करून बघू.

पहिला शेरा, ‘डोळे शार्प नाहीत’. खरं आहे. दुसऱ्याने त्यावर ‘लेन्स सॉफ्ट आहे, ८५ मिमी घ्या’ असं सुचवलं. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला तर नथीचे मोती लख्ख आहेत, म्हणजे लेन्स ठणठणीत आहे. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी, एफ/१.८ आणि एक मीटर अंतर असेल तर स्पष्ट उमटणारी पट्टी पुढून मागे जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर असते, आणि ती फोकसच्या पुढे-मागे साधारण निम्मी निम्मी वाटली जाते. नथ डोळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे असते. चकाकते, कडा ठळक असतात, त्यामुळे ऑटोफोकस तिच्यावर आनंदाने जाऊन बसतो. फोकस नथीवर बसला की डोळा त्या पट्टीच्या बाहेर गेलाच. चष्म्याची फ्रेम आणि कपाळावर आलेली बट हाच घोळ घालतात. तेव्हा इथला दोष लेन्सच्या काचेत शोधू नका. तो अंतरात आणि फोकस बिंदूच्या जागेत आहे.

‘जपमाळेवरची बोटं कापली आहेत’ हाही शेरा बरोबर. एक मीटरवरून या लेन्समध्ये उभ्या फ्रेमची उंची सुमारे ४७ सेंटिमीटर भरते. डोकं, पदर आणि छातीशी धरलेला हात एवढं त्यात बसत नाही. दीड मीटरवर गेलात तर तीच उंची सुमारे ७० सेंटिमीटर होते आणि हात पूर्ण आत येतो. एफ/१.८ ठेवूनही स्पष्टतेची पट्टी सहा सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे ‘डोळे मऊ’ आणि ‘बोटं कापली’ हे दोन शेरे वेगळे दिसले तरी कारण एकच: आपण फार जवळ उभे होतो. समीक्षकाने हे सांगितलं, तर फोटोग्राफरच्या हाती पुढच्या वेळी करायला एक गोष्ट पडते: दोन पावलं मागे.

‘चेहरा काळा आलाय’ आणि ‘उजवा गाल पिवळा आहे’ हे शेरे दुसऱ्या मुळाशी जातात. फ्रेमच्या डाव्या कडेला खिडकीचा पांढरा पट्टा आहे. कॅमेऱ्याने सगळ्या फ्रेमची सरासरी काढली, खिडकी सांभाळली आणि चेहरा साधारण एक स्टॉप खाली गेला (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). आजी आत बसल्याने खिडकीचा प्रकाश त्यांच्यापर्यंत येईतो क्षीण झाला होता. म्हणून देवघरातला पिवळा बल्ब उजव्या गालावर बाजी मारून गेला. असा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), आणि सावलीतल्या खिडकीतून येणारा उजेड ६००० च्या वर. व्हाइट बॅलन्सची (रंगांचा तोल साधणारी) एक पट्टी दोन्ही गालांना एकदम न्याय देऊ शकत नाही. एक सुधारला की दुसरा बिघडतो. त्यावर कोणीतरी ‘ब्लॅक अँड व्हाइट करून बघा’ असं सुचवलंच. त्याने पिवळेपणा झाकला जाईल हे खरं, पण गालावर प्रकाशाची दिशा दोन बाजूंनी भांडते आहे ती तशीच राहील. रंगात फसलेला फोटो कृष्णधवल करणं हा आपल्याकडचा घरगुती काढा आहे. कधी लागू पडतो, पण कशावर दिला हे कळायला हवं.

‘मागे कॅलेंडर दिसतंय’ या शेऱ्यावर दुसऱ्याचं उत्तर होतं, ‘ब्लर आहे की, काय फरक पडतो’. फरक पडतो. उघड्या अ‍ॅपर्चरने आकार पुसला जातो, उजेड पुसला जात नाही. कालनिर्णयवरचे आकडे वाचता येत नाहीत, पण कानाजवळ एक पांढरा चौकोन तरंगतो आणि नजर चेहऱ्यावरून तिकडे घसरते. हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे डोळे किलकिले करून फोटो बघणे. बारकावे जातात, फक्त उजेड-अंधाराचे ढीग उरतात. चेहऱ्यापेक्षा उजळ ढीग दुसरीकडे दिसला, तर तो अडचणीचा.

चौदापैकी पाच-सहा शेरे अशा रीतीने दोन निर्णयांत गोळा झाले: एक मीटरवर उभं राहणं, आणि आजी होत्या तिथेच त्यांना राहू देणं. उरलेल्यांतला ‘बोके (मागची धूसरता) भारी’ हे कौतुक एफ/१.८ चं आहे, फोटोचं नव्हे. ‘रूल ऑफ थर्ड्स पाळला नाही’ (म्हणजे चेहरा फ्रेमच्या एक तृतीयांश रेषेवर ठेवला नाही) हा शेरा सोडून द्या. सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा चेहरा मध्यभागी असला तर काही बिघडत नाही. ‘आजी हसत नाहीत’ याकडे मात्र वळायला हवं, कारण त्यात एक जुनी गफलत आहे.

पोर्ट्रेटच्या समीक्षेत तिसरा माणूस असतो: ज्याचा फोटो आहे तो. खोलीत नसला तरी असतो. ‘रंग थोडा उजळ करा’, ‘गाल फार भरलेत’, ‘दात नको दाखवायला’ हे शेरे त्या माणसावर पडतात, फोटोवर पडतच नाहीत. यातला रंगाचा मुद्दा सर्वांत बोकाळलेला. ‘चेहरा अंडरएक्स्पोज झाला आहे, डोळ्याच्या खोबणीत तपशील बुजला आहे’ ही समीक्षा झाली. ‘गोऱ्या दिसल्या असत्या तर बरं’ ही समीक्षा नव्हे. दोन्हींत स्लायडर एकाच दिशेला जातो, म्हणून हा फरक शब्दांतच जपावा लागतो. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं. त्यामुळे सावळा चेहरा काळ्या पार्श्वभूमीवर असला तर तो नको तितका उजळतो, आणि पांढरा फेटा किंवा पांढरी भिंत असली तर तोच चेहरा बुडतो. सावळ्या त्वचेवर चेहऱ्याचा आकार दाखवतात ते मुख्यतः कपाळ, नाक, गालाचं हाड यांवरचे चकाकते भाग. मोठा, बाजूने येणारा प्रकाश दिला की ते भाग रुंद आणि मऊ होतात आणि चेहरा घडवल्यासारखा दिसतो. नुसतं एक्स्पोजर वाढवलं की तेच भाग जळतात आणि उरलेला चेहरा राखी होतो. ‘उजळ करा’ म्हणणाऱ्याला हे समजावून द्या.

हसण्याचंही तसंच. आजींनी हसायला हवं होतं का, हे फोटोग्राफरला काय दाखवायचं होतं त्यावर ठरेल. जप करणारी बाई कॅमेऱ्याकडे बघून हसली तर उलट खोटं वाटेल. इथे विचारायचं ते वेगळं: ओठ आवळलेले आहेत का, खांदे कानाकडे चढलेत का, नजर कॅमेऱ्याच्या थोडी वर गेली आहे का (म्हणजे बहुधा मागे उभी असलेली सून काहीतरी सांगते आहे). ही तणावाची लक्षणं आहेत, आणि ती सूचनेने कमी होतात. ‘रिलॅक्स व्हा’ म्हणून कोणी होत नाही. ‘आजी, खांदे खिडकीकडे वळवा, नाक माझ्याकडे, आणि एक माळ पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे लक्षच देऊ नका’ यावर होतात.

हेतू विचारल्याशिवाय मापं लावली की समीक्षा कशी फसते, याचं मोठं उदाहरण द्यायचं तर छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) आणि अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडन शेजारी ठेवा. राजाध्यक्षांच्या मऊ, चेहऱ्याला कुरवाळणाऱ्या प्रकाशावर मराठी माणसाची पोर्ट्रेटची आवड बरीचशी पोसलेली आहे. अ‍ॅव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या खाणकामगारांचे, भटक्यांचे फोटो मोठ्या ८×१० इंची कॅमेऱ्यावर काढले: पांढऱ्या कागदापुढे, सावलीत, सपाट उजेडात, हसू नाही, मागे काही नाही. पहिल्याची फूटपट्टी दुसऱ्याला लावली तर सगळे नापास. म्हणून आधी फोटोग्राफरकडून एक वाक्य घ्यावं, ‘मला यात काय दाखवायचं होतं’. ते वाक्य आणि फोटो जुळतात का, एवढंच मग तपासायचं.

हौशी मंडळींचा आवडता आणखी एक प्रकार म्हणजे आषाढी वारीतला सुरकुतलेला वारकरी. पांढरी टोपी, सावळा चेहरा, ढग नसतील तर डोक्यावरचं ऊन. टोपी जळते, डोळ्यांच्या खोबणी काळ्याठिक्कर, आणि घरी येऊन क्लॅरिटीचा (बारकावे ठळक करणारा) स्लायडर ५०-६० वर नेला की गालांची कातडी तडे गेलेल्या शेतासारखी दिसू लागते. यावर ‘एडिटिंग जास्त झालं’ एवढंच म्हणणं अर्धवट आहे. वरून पडणाऱ्या उन्हाने डोळे मृत झाले, म्हणून स्लायडरकडून नाट्य उसनं घ्यावं लागलं, हे सांगावं. उपाय जागेवरचा: त्या माणसाला पालाच्या किंवा झाडाच्या सावलीच्या अगदी कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून उभं करा. डोळ्यांत लगेच चमक येईल. प्रकाशाची मोजणी चेहऱ्यावर करा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर टोपी जळल्याची खूण लुकलुकली तर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली या आणि रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलमधून) सावल्या उचला. आणि फोटो काढण्याआधी माउलींना विचारलं होतं का, हेही बैठकीत विचारायला हरकत नाही. लांबून झूमने चोरलेला फोटो बहुधा चोरल्यासारखाच दिसतो.

मोबाइलच्या फोटोंवर दोन गोष्टी आवर्जून बघा. हात लांब करून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान गायब होतात. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतो. ३० सेंटिमीटरवरून काढलं तर कान नाकाच्या मानाने सुमारे ७१ टक्के मापाचा उमटतो, दीड मीटरवरून ९३ टक्के. हा लेन्सचा दोष नाही, अंतराचा हिशेब आहे. ‘नाक मोठं आलंय’ म्हणून त्या माणसाला शरमवण्याऐवजी ‘मागे जा आणि २ एक्स (दुप्पट झूम) लावा’ म्हणा. दुसरं, पोर्ट्रेट मोडचा नकली ब्लर: मोकळे केस, झुमका, चष्म्याची कड इथे तो कापतो. झुमक्याच्या छिद्रातून मागची भिंत लख्ख दिसली तर तो पकडला गेला.

आता बोलण्याची पद्धत. फोटो समोर आला की अर्धा मिनिट कोणी बोलू नये आणि झूम करू नये. नजर आधी कुठे गेली, मग कुठे घसरली, एवढं प्रत्येकाने मनात टिपावं. शार्पनेस सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे सुरुवातच तिथून होते. बोलताना तीन भाग जोडून बोला: मला काय दिसतंय, त्याचा परिणाम काय होतो, कुठल्या निर्णयामुळे झालं आणि पुढच्या वेळी काय करता येईल. आजींच्या फोटोवर ते असं होईल: ‘माझी नजर आधी नथीवर गेली आणि तिथेच अडकली, डोळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. फोकस नथीवर आहे आणि एक मीटरवर पट्टी फार पातळ आहे. मागे जाऊन खिडकीकडच्या डोळ्यावर फोकस ठेवला असता तर जप करतानाची ती नजर हाती आली असती.’ यात कुठेही गोडवा घातलेला नाही आणि कोणाला लागण्यासारखंही काही नाही. चांगलं असेल तेही याच पद्धतीने नेमकं सांगा. ‘मस्त’ने फोटोग्राफरला काही मिळत नाही. ‘पदराचा गडद काठ चेहऱ्याभोवती महिरपीसारखा आला आहे’ हे कळलं, तर तो पुढच्या वेळी काठ मुद्दाम तसा घेईल.

एका फोटोवर एका माणसाने दोनच मुद्दे मांडावेत, सर्वांत मोठे. अगदी नवख्याला एकच. आणि तो मुद्दा एडिटिंगने सुटणारा आहे की पुन्हा फोटो काढूनच सुटेल, हे वेगळं सांगा. ज्या गोष्टीवर फोटोग्राफरला आता काहीच करता येणार नाही (लग्नातला क्षण, गेलेला माणूस), तिथे थांबलेलं बरं.

बैठकीचा आराखडा दहा जणांसाठी असा ठेवता येईल: प्रत्येकी एक फोटो, आठ मिनिटं. अर्धा मिनिट शांतता, पाच मिनिटं इतरांचं बोलणं, उरलेल्या वेळात फोटोग्राफर. सर्वांत नवख्याने आधी बोलावं. जाणकार आधी बोलला की बाकीचे री ओढतात. फोटो टीव्हीवर दाखवत असाल तर ‘व्हिव्हिड’ मोड आणि टीव्हीचा शार्पनेस बंद करा, नाहीतर सगळ्या कातड्या नारिंगी दिसतील आणि अर्धा तास त्यावरच जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा लहान आणि दाबलेली असते. तिच्यावरून फोकसबद्दल निवाडा देऊ नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. शक्य असेल तर ८×१२ ची प्रिंट सर्वांत उत्तम. तिच्याशी कोणी झूम-झूम खेळू शकत नाही.

ऐकणाऱ्याच्या बाजूने अवघड गोष्ट एकच, गप्प बसणं. ‘ऊन फार होतं’, ‘आजी थांबायला तयार नव्हत्या’ हे खरं असेल, पण फ्रेममध्ये ते लिहिलेलं नसतं. वही घ्या, शेरे जसेच्या तसे लिहा, आणि उत्तर द्यायची उबळ आली की ती पण लिहा. फोटोसोबत चार गोष्टी द्या: हेतूचं एक वाक्य, एडिट न केलेली मूळ फाइल, सेटिंग आणि अंतर, आणि एक नेमका प्रश्न. ‘कसा वाटला?’ विचारलं की ‘मस्त’च येणार. ‘खिडकीचा पट्टा त्रास देतो का?’ विचारलं की उत्तर मिळतं.

मग दोन-तीन दिवसांनी वही उघडा. पाचांपैकी तिघांनी एकमेकांचं न ऐकता एकाच जागेवर बोट ठेवलं असेल, तर ती जागा नक्की दुखते आहे. त्यांनी सुचवलेलं औषध मात्र बरोबर असेलच असं नाही. ‘लेन्स बदला’ हे त्यातलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सामान विकत घ्यायला लावणारा सल्ला सगळ्यांत शेवटी तपासा. एकट्याचाच, पण कारणासकट आलेला शेरा मात्र बहुमत नाही म्हणून फेकू नका. कॅलेंडरबद्दल एकच जण बोलला होता. आणि शेरा पटतो का, हे वाद घालून ठरत नाही. पुन्हा फोटो काढून ठरतं.

आजींचा फोटो पुन्हा काढायचा तर: सकाळी, ऊन थेट आत येत नसेल अशा वेळी, आजींची खुर्ची खिडकीपासून तीन फुटांवर घ्या आणि खिडकी फ्रेमबाहेर ठेवा. देवघरातला बल्ब बंद. तुम्ही दीड मीटरवर. एफ/२.८ ठेवलंत तर या अंतरावर साडेनऊ सेंटिमीटर पट्टी मिळते, नथ आणि दोन्ही डोळे तिच्यात मावतात. शटर १/२००, कारण माळ ओढणारी बोटं हलतात. हिशेब असा: अ‍ॅपर्चर आणि शटरमध्ये मिळून दोन स्टॉप गेले, चेहऱ्याला एक जास्त हवा, एकूण तीन. दोनेक खिडकीजवळ आल्याने मिळतील, एक आयएसओ ८०० केल्याने. पहिल्या फोटोनंतर पडद्यावर खात्री करून घ्या. खिडकीजवळ आल्यावर पलीकडचा गाल जास्त अंधारेल, तिथे फ्रेमच्या अगदी बाहेर पांढरा पुठ्ठा धरा, दोन फुटांवर. सून उभी आहेच, तिच्या हातात द्या. फोकसचा एकच बिंदू निवडून खिडकीकडच्या डोळ्यावर ठेवा. वीसेक फोटो घ्या, एका माळेत सहज होतात. पुढच्या बैठकीत जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवा.

आणि मागच्या भिंतीवर कॅलेंडर अजून डोकावत असेल तर ते तेवढ्यापुरतं खिळ्यावरून उतरवा. परत लावायला विसरू नका, आजींना एकादशी बघायची असते.